पोटात पाय

लक्ष्मीपुरीत दस्तगीरभाईंच्या दुकानात
पंधरा रुपयांना एक, अशा मी चार घेतल्या होत्या.
पिवळ्या. ओल्या हळकुंडाच्या रंगाच्या.
"काच साफ ठेवतात," भाई म्हणाले, "शेवाळ खातात,
कुणाच्या अध्यात ना मध्यात."

दहावीचं वर्ष. पेटीत दोन मासे, प्लास्टिकचा किल्ला,
बुडबुडे सोडणारा एक बुटका पाणबुड्या.
महिन्याभरात शेवाळ संपलं.
मग वेली संपल्या, देठासकट.
मग एका सकाळी काचेच्या वरच्या कडेला,
पाण्याबाहेर, गुलाबी दाण्यांचा घोस.
आई म्हणाली, हे आधी घरातनं बाहेर काढ.

मारायचं धाडस होईना.
मे महिन्यात आजोळी जाताना
दुधाच्या किटलीत घालून एसटीनं नेल्या
आणि आजऱ्याच्या अलीकडं, मामाच्या पाटात,
चप्पल काढून, एकेक करून सोडल्या.
पुण्य केल्यासारखं वाटलं होतं.

अकरा वर्षं झाली.

हौसाक्का मामी रात्री नऊला कपाळाला बॅटरी बांधते,
काष्टा खोवते, दोन बादल्या घेते.
"चल, वेचाय."
वाफ्यात घोटाभर पाणी, परवा लावलेलं घनसाळ.
काल दिवे लागताना या ओळीत सोळा चूड होते,
सकाळी नऊ.
कुरतडण्याचा आवाज येत नाही.
बेडूक ऐकू येतात, खालच्या अंगाला मोटर ऐकू येते,
हे काही कानाला लागत नाही.
कापलेली पाती तेवढी तरंगत येतात
आणि वाफ्याच्या तोंडाशी साठतात,
न्हाव्याच्या खुर्चीखालच्या केसांसारखी.

हात लागला की ती आत जाते, दार ओढून घेते.
"बघ की शहाणी," मामी म्हणते,
"आमच्या रानात शिरून
आम्हांसनीच दार लावतीया."

तळ्यातली कमळं आधी गेली, भाताच्याही आधी.
तेव्हा कुणाला काही वाटलं नाही;
कमळ काय, पोटाला लागत नाही.
मग पोरं शिंगाडे काढायची तो कोपरा गेला.
आता नुसतं पाणी. इतकं नितळ
की तळाशी पडलेली फुटकी घागर
काठावरनं दिसते.
काच साफ ठेवतात.

कृषी सहायक आले, गाडी बांधावर लावून फोटो काढले.
पाटाच्या तोंडाला जाळी लावा म्हणाले, बांबूच्या काड्या रोवा,
काडीवर अंडी घालतील, ती खरवडून चिखलात दाबा.
मामीनं गडहिंग्लजच्या बाजारातनं सहा बदकं आणली.
बारक्या बारक्या त्यांनी गिळल्या,
थोरल्यांपुढं नुसत्या माना वाकड्या केल्या,
आणि दोन बदकं कोल्ह्यानं नेली.
"पण हे आलं कुठनं?" साहेबांनी विचारलं होतं.
मामा म्हणाले, पुरातनं.
पायगोंडा म्हणाला, खताच्या पोत्यातनं.
मी बॅटरीचे सेल काढले, पुसले,
परत घातले.

लहानपणी मला सगळे गोगलगाय म्हणायचे.
कुणाशी भांडण नाही, वर बघून बोलणं नाही.
मामी तेवढी हसून म्हण पुरी करायची:
अन् पोटात पाय.

आज तिसऱ्या वाफ्यात, बादली अर्धी झाल्यावर,
मी सांगितलं. किटली, एसटी, पाट, सगळं.
मामी वाकलेलीच राहिली.
पाण्यात तिच्या कपाळाचा उजेड हलत होता.
एका काडीवरचा गुलाबी घोस
तिनं नखानं खरवडला, हात पाण्यात खंगाळला.
"किती हुत्या?"
"चार."
"चारच?"
"चारच."

बराच वेळ बेडूकच बोलत होते.
मग तिनं दुसरी बादली माझ्याकडं सरकवली.
"मग त्या चार तेवढ्या हुडीक," म्हणाली,
"बाकीच्या मी बघते."